कुलूप अडकलं तर लगेच फोडू नका

जुलैत कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या घराचं लॅच अडकलं, किल्ली आत जातीय पण फिरतच नाही. पावसात लाकडी दार फुगतं आणि बोल्टवर, म्हणजे कुलपातनं चौकटीत जाणाऱ्या दांड्यावर, दाब येतो, म्हणून दार स्वतःकडं ओढून धरून किल्ली हळू फिरवून बघायची, जोर लावला की ती आतच तुटायची भीती. खोबरेल तेल तर अजिबात नको, धूळ चिकटून आतल्या पिना जाम होतात, त्यापेक्षा पेन्सिलच्या शिशाची पूड बरी. तरी उघडेना म्हणून लक्ष्मीपुरीतनं किल्लीवाले काका आणले, पैसे आधीच ठरवले. लई शांत माणूस, ड्रिल न लावता एकेक पिन उचलत त्यांनी उघडलं. आल्या आल्या ड्रिल काढणारा असंल तर सरळ दुसरा बघा, नायतर नव्या कुलपाचा खर्च तुमच्याच गळ्यात.