रक्तातून टीबी कळत नाही का?

"मॅडम, बेडका-बिडका नको, रक्तच घ्या की. बाकी सगळं रक्तातून कळतं, मग टीबी का नाही?"

मी लॅबमध्ये काम करते आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी काउंटरवर येतोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. जंतू अंगात आलाय हे रक्तातून कळतं. तो झोपलाय की जागा आहे, तिथे गाडी अडते.

परवा एक तिशीतल्या बाई इग्राचा, म्हणजे टीबीच्या रक्त-टेस्टचा, रिपोर्ट घेऊन आल्या. सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झालेली. यांचा पॉझिटिव्ह. खोकला नाही, ताप नाही, वजन उलट वाढलेलं. "म्हणजे मला झाला ना?" आवाज अगदी खाली.

त्यांचं रक्त मीच घेतलं होतं. या टेस्टला चार नळ्या लागतात: करड्या, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या टोपणाच्या. प्रत्येकीत एक मिलीलीटर रक्त. मग नळी दहा वेळा हलवायची, आतली सगळी भिंत रक्ताने माखेपर्यंत, कारण जे काही आहे ते भिंतीलाच लावलेलं असतं. फार जोरात हलवलं तर निकाल बिघडतो, नुसतं डुलवलं तरी बिघडतो. नवीन मुलांचा हात इथेच चुकतो. पुढे ३७ अंशांवर १६ ते २४ तास. हिरव्या-पिवळ्या नळ्यांत टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं असतात. बीसीजीच्या लशीत ती नसतात, त्यामुळे लस टोचलेल्यांत मॅन्टू (हातावर टोचून करतात ती टेस्ट) जसा फसू शकतो तशी ही फसत नाही. पांढऱ्या पेशींची या प्रथिनांशी जुनी ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात, आणि आम्ही मोजतो तो हा.

थोडक्यात, पोलिसांच्या वहीत चोराचं नाव आहे. तो आत्ता घरात धुडगूस घालतोय की माळ्यावर गुपचूप बसलाय, हे वहीत नसतं. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या वहीत हे नाव आहे असा अंदाज आहे, आणि त्यातल्या साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. उलट बाजूही आहे: आजाराने पार खंगलेल्या माणसाची टेस्ट कधीकधी निगेटिव्ह येते.

एक कबुली देते. पूर्वी मी जिथे होते तिथे टीबी आयजीजी-आयजीएम सर्रास व्हायची. अँटीबॉडीवरून थेट टीबीचं निदान! जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती वापरू नका म्हणून सांगितलं, २०१२ मध्ये आपल्या सरकारने किटवरच बंदी आणली. त्याआधी त्या कागदाच्या भरवशावर किती जणांनी सहा-सहा महिने फुकट गोळ्या गिळल्या असतील, आणि किती खरे पेशंट निर्धास्त घरी गेले असतील? किट कंपनीचं, पण पिपेट माझ्याच हातात होतं.

म्हणून नव्या शोधांबद्दल मी जरा हात राखूनच बोलते. २०१० मध्ये आजारी माणसांच्या रक्तात ३९३ आरएनए खुणांचा (आत्ता कोणती जनुकं कामाला लागलीत ते सांगणाऱ्या) एक ठसा सापडला, सुप्त टीबीवाल्यांपेक्षा, म्हणजे जंतू झोपलेल्यांपेक्षा, वेगळा. वहीतलं नाव सोडून थेट आजची आरडाओरड ऐकायची, अशी ही कल्पना. मला ती फार आवडते. पुढे जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ या तीनच जनुकांवर भागवता येईल असं दिसलं, आणि बोटातल्या थेंबावर चालणारं कार्ट्रिजही तयार झालं. अडचण अशी की फ्लूसारख्या विषाणूनेही शरीर बरंचसं तसंच ओरडतं. अशा चाळणी-टेस्टकडून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये किमान अपेक्षा ठेवली ती १०० आजाऱ्यांपैकी ९० पकडण्याची आणि आजार नसलेल्या १०० पैकी ७० जणांना मोकळं सोडण्याची. उरलेल्या ३० जणांना कुठे पाठवणार? बेडका तपासायलाच.

त्या बाईंचा छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. जाताना त्या म्हणाल्या, "कोर्स संपला की निगेटिव्ह झालंय का बघायला येते."

"नका येऊ ताई. गोळ्या घेऊनही ही कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहू शकते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मात्र लगेच या. डबी आत्ताच नेऊन ठेवा, सकाळचा पहिला बेडका लागेल."

त्यांनी नाक मुरडलं, पण डबी पर्समध्ये टाकली.