माया किती सोडली आहे, ते आधी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. कपडा दुरुस्तीला आणणारा जवळजवळ प्रत्येक जण पिशवीतून तो बाहेर काढता काढता हेच विचारतो. "कपड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. पण एवढे पैसे मोजून जे हातात येतं, ते त्या लायकीचं असतं का? तुम्ही अकरा वर्षं कारखान्यात माल तपासलाय, तुम्हाला ठाऊक असणार." हो, ठाऊक असायला हवं. म्हणूनच या प्रश्नाचा मला त्रास होतो. विचारणाऱ्याला उभ्या उभ्या 'हो' किंवा 'नाही' ऐकायचं असतं, आणि मी इतक्या वर्षांत दोन्ही सांगून बसले आहे. काही वेळा एकाच माणसाला.

तेव्हा एकदाच नीट सांगते.

कपडा उलटा करा. शिवणीच्या पलीकडे किती कापड ठेवलंय ते बघा. शिवणकामात त्याला माया म्हणतात. अर्धा इंच माया असेल तर अंग भरल्यावर कपडा उसवून सैल करता येतो, शिवण गेली तर पुन्हा धरायला कापड हाताशी राहतं. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कपड्यांत पाव इंचसुद्धा नसते. ओव्हरलॉकने, म्हणजे कड गुंडाळणाऱ्या मशिनने, कड कापली जाते आणि सुई अगदी काठावरून गेलेली असते. मग शिवणीच्या दोन्ही अंगांना अंगठे ठेवून हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर तो कपडा फार दिवसांचा सोबती नाही. इंचपट्टी लावून टाके मोजा. चांगल्या शर्टाच्या शिवणीत इंचाला 16 ते 18 टाके सापडतात, घाईच्या शर्टात 10 सापडले तरी पुष्कळ. आणि दुकानात हाताला जो मऊपणा लागतो त्यावर जाऊ नका. बऱ्याचदा तो कापडाचा नसतो, शेवटच्या प्रक्रियेत चढवलेल्या सिलिकॉनचा असतो. काही धुण्यांत तो निघून जातो आणि खरं कापड समोर येतं. सर्वसाधारण कापसाचा तंतू 25 ते 30 मिलिमीटर लांब असतो, अतिलांब जातीचा 35च्या आसपास आणि त्याच्याही पुढे. तंतू लांब असला की सुतातून बाहेर डोकावणारी टोकं कमी होतात, आणि टोकं कमी म्हणजे धुतल्यावर येणारे गोळे कमी. हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. तिथे फक्त 'कॉटन' लिहिलेलं असतं.

एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. आणि यातलं काहीही किमतीवरून कळत नाही. महागड्या शर्टात काठावरची शिवण आणि साध्या शर्टात अर्धा इंच माया, दोन्ही मी माझ्या हातांनी उलटून पाहिलंय.

मग पैसे जातात कुठे? दुकानाचं भाडं, जाहिरात, वाहतूक, न खपलेला माल उतरत्या भावात काढण्याचा तोटा, आणि नाव. शिवणारीच्या मजुरीचा वाटा विक्रीच्या किमतीत बहुतेकदा 5 टक्क्यांच्या आतच असतो. भाव वाढला की लोक म्हणतात, कापूस महागला. कधी कधी ते खरंही असतं. 2010-11 मध्ये जगभर कापसाचा भाव विक्रमी चढला होता. आमच्या टेबलावर तोवर निव्वळ सुती येणारा माल त्यानंतर पॉलिएस्टर मिसळून यायला लागला. पुढच्या वर्षी कापूस खाली आला, मिश्रण मात्र तसंच राहिलं. 2021 मध्ये जहाजावरच्या कंटेनरचं भाडं काही पटींनी वाढलं, त्याचाही भार कपड्यांवर आला. म्हणजे कारणं असतात. पण त्या वाढीतली एकही वाढ शिवणीत उतरलेली मी पाहिली नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळी लुबाडणूकच. नाही. हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचंय. चांगला कपडा खरोखरच महाग पडतो. इंचाला 10 ऐवजी 16 टाके घ्यायचे तर तेवढ्याच लांबीला सुई दीडपटीहून जास्त वेळा खाली जाते. साधा टी-शर्ट सगळ्या मशिनांवरून फिरून दहाएक मिनिटांत शिवून होतो, पूर्ण बाह्यांच्या शर्टाला वीसेक मिनिटं लागतात. कारखान्यात सगळा हिशेब मिनिटांचाच असतो. कॉलरच्या टोकाला, काजाला, मुंढ्याला (बाही अंगाला जोडतात तिथे) वाढवलेलं प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी पाठीतून निघतं. ते स्वस्तात मिळावं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ज्यामुळे हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात कालवतं, ते सांगते. हे मी आजवर दोघांनाच सांगितलंय.

मी अंतिम तपासणीला होते. माल पेटीबंद झाला की त्यातले काही नग उघडून बघायचे आणि लॉट, म्हणजे एकत्र जाणारा तो सगळा माल, पास की नापास ते लिहायचं, हे माझं काम. सगळा माल कुणीच तपासत नाही, हे ग्राहकाला माहीत नसतं. त्यासाठी एक कोष्टक असतं. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी खरेदीत आहे, आज ते आयएसओ 2859 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नावाने चालतं. त्या दिवशी लॉट 2,400 शर्टांचा होता. शेकडा किती दोष चालवून घ्यायचे याची एक पातळी ठरलेली असते; आम्ही पाळत असलेल्या 2.5च्या पातळीला कोष्टकाप्रमाणे 125 शर्ट उघडायचे. मोठा दोष असलेले 7 निघाले तर लॉट पास. 8 निघाले तर नापास.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास माझ्या कागदावर सात आडव्या रेघा होत्या आणि उघडायचे अकरा शर्ट उरले होते. त्यातल्या चौथ्या शर्टाची डावी बाही मी उलटी केली. काखेखाली, जिथे मुंढ्याची शिवण आणि बगलेची शिवण एकमेकींना मिळतात, तिथे बोटभर लांबीत माया जवळजवळ नव्हतीच. कापडाचे जेमतेम तीन-चार उभे धागे टाक्यात अडकले होते. मी अंगठे लावले आणि उजेड दिसला. तिथून माझ्या नखाच्या टोकापर्यंत एक धागा सरकत आला. निकराने हात वर केला की तो शर्ट तिथेच फाटणार होता.

मी शर्ट बाजूला ठेवला. फ्लोअर इनचार्ज माझ्या मागेच उभे होते. चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता तो. हळूच म्हणाले, "मॅडम, हा मायनरमध्ये टाका. मेजरमध्ये टाकलात तर चोवीसशे शर्ट पेट्यांतून काढावे लागतील. ट्रक पहाटेचा आहे. सगळी लाइन रात्रभर बसेल."

मुंढा जोडणारी कुठली ते मला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिला कॉलरवरून मुंढ्याच्या मशिनवर आणलं होतं आणि त्याच सुमारास तासाचं टार्गेट वाढवलं होतं. कॉलरवर तिचा हात सोन्यासारखा होता. ती पाण्याची बाटली भरायला उठली होती. माझ्या टेबलाशी थांबली, शर्टाकडे बघितलं आणि हात पुढे केला. "द्या ताई, चार मिनिटांचं काम आहे. आत्ता उसवून नीट करून देते."

तिला वाटलं, मी एक शर्ट धरलाय. तो एक शर्ट दुरुस्त करून काही होणार नव्हतं. आठवा शर्ट म्हणजे न उघडलेल्या पेट्यांमध्ये तसेच किती असतील याचा अंदाज. हे तिला समजावून सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही, शर्ट दिला. तिने मशिनच्या दिव्याखाली शिवण उसवली, कापड आत ओढून माया बसवली, दोनदा शिवली, धागे कापले आणि बाही सरळ करून मला परत आणून दिला. तोवर माझ्या कागदावर रेघा सातच होत्या. मी खाली सही केली. साडेसहाला लाइन सुटली. ती जाताना माझ्याकडे बघून हसली.

त्या लॉटला लागलेल्या चिठ्ठ्यांवरची किंमत मी पाहिली होती. त्या हंगामात आमच्याकडे तयार झालेला तो सगळ्यात महाग शर्ट होता. शेजारच्या लाइनवर त्याच ठाणांमधल्या कापडाचे शर्ट दुसऱ्या, स्वस्त लेबलसाठी निघत होते. कॉलर वेगळी, बटणं वेगळी, पेटी वेगळी. मुंढ्याची मशिनं त्याच कंपनीची आणि टार्गेट तेच.

त्या 2,400 शर्टांमधला एक शर्ट नक्की चांगला शिवलेला होता हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तो आठवा. बाकीच्यांचं मला सांगता येत नाही, आणि सांगता यावं याचाच मला पगार मिळत होता.

मी सही करायला नको होती का? अनेक वर्षं मी स्वतःला बजावत आले की मी बायकांची एक रात्र वाचवली. हे खोटं नाही. पण मी त्याच वेळी त्या शर्टाचे भरपूर पैसे मोजणाऱ्या माणसांना फसवलं, हेही खोटं नाही. आणि आज कठोरपणे बघते तेव्हा दिसतं की मी माझीही एक रात्र वाचवली होती. लाइन बसली असती तर मलाही बसावं लागलं असतं. शिवाय चुकीचं टार्गेट ज्यांनी लावलं त्यांना त्या सहीमुळे काहीच सोसावं लागलं नाही. लॉट नापास झाला असता तर कदाचित पुढच्या आठवड्यात टार्गेट उतरलं असतं. कदाचित तिलाच कामावरून काढलं असतं. दुसरं घडण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण तसं वाटणं माझ्या सोयीचंही आहे.

नोकरी सोडल्यावर सुरुवातीला मी सगळ्यांना एकच सांगायचे की महाग घेऊ नका, नावाचे पैसे आहेत, आतून सगळं एकच. मोठ्या तावातावाने सांगायचे. मग 24 एप्रिल 2013ला ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणाऱ्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते, तरी सकाळी त्यांना मशिनवर बसवलं. कारण माल वेळेत जायचा होता. तो पहाटेचा ट्रक मला तेव्हा आठवला. त्या बातम्या मी दिवसचे दिवस वाचत होते. त्या इमारतीत अगदी स्वस्त लेबलंही शिवली जात होती आणि चांगली चढी लेबलंही. म्हणजे माझं 'आतून सगळं एकच' बरोबरच निघालं, पण ते असं बरोबर निघावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यानंतर 'स्वस्त घ्या' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

मग मी दुसरं टोक धरलं. कमी घ्या, पण चांगलं घ्या, वर्षानुवर्षं वापरा. ऐकायला फार समंजस वाटतं. एक बाई मुलाची पँट गुडघ्यावर ठिगळ लावायला घेऊन आल्या होत्या, त्यांना मी हेच ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तो सहा महिन्यांत वाढतो. आणि चांगलं घ्यायला पैसे एकदम लागतात, ते माझ्याकडे एकदम कधी येत नाहीत." मी गप्प बसले. ठिगळाचे पैसे घ्यावेत की नाही तेही मला सुचेना. मला सुनवायचं नव्हतं त्यांना, पण सुनवलंच होतं.

म्हणून तुम्ही विचारता तेव्हा मी वैतागते. मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि कुठल्याच बाजूने पुरतं बोलता येत नाही. कपडा उलटा करून कसा बघायचा ते मी कुणालाही शिकवीन, अगदी आनंदाने. शिवण किती टिकेल तेही सांगीन, चुकले तर थोड्याने चुकेन. पण 'लायकीचा' म्हणजे कुणाच्या लायकीचा, घालणाऱ्याच्या की शिवणारीच्या, हे किमतीच्या चिठ्ठीवरून मला आजही वाचता येत नाही.

तुम्ही परवा ठेवून गेलात तो निळा शर्ट तयार आहे. तुम्ही म्हणालात, खूप महाग होता, चौथ्या धुण्यात काखेत उसवला. मी उलटा करून पाहिला. माया तीन धाग्यांची होती. आतून सुती पट्टी जोडून घेतली आहे आणि दुसऱ्या बाहीची शिवण उसवली नव्हती तरी तीही उघडून तशीच केली आहे. दुसऱ्या बाहीचे पैसे देऊ नका.