चालता बाक

माझा पहिला बाक चालायचा. स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरायला पायात घालतात त्या लांब पट्टीच्या, तळावरचं वॅक्स (मेण) खरवडायला मी जोर लावला की तो वीतभर सरकायचा, मी एक पाऊल पुढे टाकायचो, पुन्हा जोर, पुन्हा वीतभर. एक स्की पुरी होईतो आम्ही दोघं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीशी पोचलेले असायचो. बायको एकदा दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "अरे, एवढं लांब जायचंच आहे तर स्की पायात तरी घाल."

बाक करायचं ठरलं त्याआधी दोन खुर्च्यांच्या पाठींवर स्की आडवी टाकून माझं काम चाले. चाले म्हणजे रेटत होतो. स्की सपाट दिसते, पण तिला सपाट जागेवर ठेवून पाहा. मधोमध कमान असते, टोकं वर वळलेली असतात, आणि तळ वर करून उताणी टाकली की बूट अडकवायचं बाइंडिंग नेमकं खाली येतं. मग सगळी स्की त्या एका बाइंडिंगवर तराजूच्या दांडीसारखी डोलत राहते. भरीला, पायातून सुटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकचे दोन दांडे दोन्ही बाजूंनी वर येऊन मेण पसरायच्या इस्त्रीच्या वाटेत उभे. त्यांना जाड रबरबँडने मागे ओढून बांधावं लागतं. तो रबरबँड निसटून बोटावर बसला, की वॅक्सिंग हा शांत, एकाग्रतेचा छंद आहे हे मत आपण काही काळ बाजूला ठेवतो.

मी कागदावर आराखडा काढला. दीड मीटर लांब, जेमतेम 28 सेंटिमीटर रुंद. रुंदी मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. फळीवर पुढे आणि मागे एकेक उंच टेकू, मध्ये बाइंडिंगसाठी मोकळी जागा. बस्स, एवढंच. करवत, गुण्या, पाणसळ, स्क्रू. दोन दिवसांत बाक उभा. गुण्याने बघितलं तर सगळे कोन काटकोन, पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये. दिसायला इतका देखणा की त्याच्यावर मेण सांडायचं जिवावर आलं. आणि पहिल्याच खरवडीला तो चालू लागला.

चूक माझी आणि अगदी शाळकरी होती. चार पाय, वर फळी, म्हणजे नुसते चौकोन. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. पाय आणि फळी यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्या मारल्या तेव्हा त्याचं डोलणं थांबलं. चालणं मात्र थांबेना. शेवटी पायांच्या तळाशी आडवी फळी ठोकली, तिच्यावर वाळूच्या दोन गोण्या टाकल्या आणि पायांखाली रबराचे तुकडे दिले. तेव्हा कुठे स्वारी जागच्या जागी बसली. जिचं सगळं आयुष्य घसरण्यात जायचं, तिच्या तयारीसाठी एवढा अढळ धोंडा लागावा, याची मला अजून गंमत वाटते.

खरवडायचंच तर मेण लावायचं कशाला, हा प्रश्न घरात येणारा प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे. आधी मेणाची वडी इस्त्रीवर टेकवून तळावर थेंबांची रांग सोडायची, मग इस्त्री फिरवून तो थर पसरायचा, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यायचा आणि नंतर प्लास्टिकच्या पट्टीने जवळजवळ सगळा काढून टाकायचा. हवं असतं ते मेण तळात मुरलेलं. वरचा जाड थर उलट अडवतो. कडक थंडीत बर्फाचे कण अणकुचीदार असतात आणि मऊ मेणात रुततात, म्हणून तेव्हा कठीण मेण लागतं. ऊब वाढली, बर्फ ओलावला, की मऊ मेण चालतं. शेवटी पितळी आणि नायलॉनचे ब्रश मारून तळावरच्या बारीक रेघा मोकळ्या करायच्या, म्हणजे ओल्या बर्फावर पाण्याचा पापुद्रा तळाला चिकटून बसत नाही.

इस्त्रीच्या बाबतीत मी कंजूषपणा केला. कपड्यांची जुनी इस्त्री घेतली. तिचा तवा पातळ, त्यामुळे उष्णता सारखी वर-खाली होते. तळाचं पॉलिएथिलीन सुमारे 135 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि मेण पसरायला इस्त्री 120 च्या आसपास हवी. म्हणजे चुकायला जागा फार थोडी. धूर दिसला की आच जास्त झाली, आणि हात थांबला की तळ गेला. तेव्हा इस्त्री फिरत राहिली पाहिजे, आणि ती फिरत राहायची तर खालचा बाक गप्प राहिला पाहिजे. शर्टांच्या वाट्याला ती इस्त्री पुन्हा आली नाही, हे सांगायला नकोच.

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत सोन्याच्या खाणींवरचे लोक लांबलचक लाकडी स्कींवरून शर्यती लावत. तळाला फासायच्या मिश्रणाला ते 'डोप' म्हणत आणि त्याची कृती जिवापाड जपत. आंतरराष्ट्रीय शर्यतींत फ्लोरीनयुक्त मेणावर 2023-24 च्या हंगामापासून बंदी आली, तीही आरोग्य आणि पर्यावरणाच्या काळजीने. माझ्या बाकावर सांडतं ते साधं पॅराफिन. सेकंदाच्या शंभराव्या भागाशी माझं काही देणंघेणं नाही. उतारावर लोक मला डावी-उजवीकडून ओलांडून जातात आणि त्यात मेणाचा दोष नसतो.

सगळ्या बाकात माझी आवडती जागा म्हणजे एका टोकाची खाच. पोलादी कडांना धार लावायची तर स्की आडवी चालत नाही, कडेवर उभी लागते. त्यासाठी मी जाड लाकडात खाच पाडली, आतून सायकलची जुनी ट्यूब चिकटवली आणि एक पाचर तासली. स्की खाचेत उभी करायची, पाचर सारायची, मुठीचा एक ठोसा. हलून दाखव म्हणावं! मग 88 अंशांच्या गाइडला (कानस ठरल्या कोनात धरणाऱ्या साच्याला) कानस लावून टोकाकडून शेपटीकडे लांब, एकसारखे हात मारायचे. बाक हलत होता तेव्हा कानस थडथड नाचायची आणि कडेवर लाटा उमटायच्या. आता धार नीट येत असली की लांब 'सर्रर्र' ऐकू येतं, आणि एखाद्या दगडाने कड दुखावलेली असली तर तेवढ्यापुरता आवाज खरखरतो. डोळ्यांआधी कानाला कळतं.

खरवडलेल्या मेणाचे पांढरे किस जमिनीवर पडतात आणि फरशीवर अदृश्य होतात. त्या हंगामात उतारावर मी एकदाही सपाटून पडलो नव्हतो. पडलो तो घरात, पायमोजे घालून, बाकापासून दोन पावलांवर. बाक हलला नाही, हे पडल्या पडल्याही माझ्या लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात पुढच्या टेकूवरची रबरी पट्टी निघाली. नवी कापली, गोंद लावला, रात्रभर दाबून ठेवली. सकाळी बोट लावताच ती सुटून हातात आली. इतक्या दिवसांचं मेण लाकूड पिऊन बसलंय, आता त्याला गोंद धरत नाही. पेन्सिलने खूण करायला गेलो तर शिसंही निसटलं. मग स्क्रू शोधायला उठलो.