सत्तरच्या पुढे भरकटणारी गाडी

माझी जुनी मोटार १९४० च्या दशकातली आहे. तिला पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा), त्यावर पाट्यांच्या कमानी (स्प्रिंग) आणि वर्म-रोलर पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी) आहे. ताशी ५० किलोमीटरपर्यंत ती शहाण्यासारखी चालत असे, परंतु महामार्गावर काटा ७० कडे सरकला की स्टिअरिंग स्थिर धरलेले असूनही ती हळूच डावीकडे ओढ घेई, मी सावरली की उजवीकडे झुके, आणि शेजारून एखादा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने अर्धी मार्गिका ओलांडते की काय असे वाटे. तासाभराच्या प्रवासानंतर माझे खांदे दुखत असत.

येथे एक भेद सांगायला हवा, कारण सुरुवातीला माझ्याही मनात त्याचा गोंधळ होता. चाके ठरावीक वेगाला थरथरतात तो दोष वेगळा. त्याचा उगम बहुधा चाकांचे बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा झिजलेले किंगपिन (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती) यांत असतो. माझी गाडी थरथरत नव्हती, ती भरकटत होती.

स्टिअरिंगचे चाक सरळ स्थितीत सुमारे ६० मिलिमीटर मोकळे फिरत होते, म्हणून सगळा दोष स्टिअरिंग बॉक्सचा आहे असे मी ठरवून टाकले आणि त्याचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला. तोही चाके एका बाजूला वळलेली असताना! या बॉक्समधील दाते मध्यावर सर्वांत जवळ आणि दोन्ही टोकांना सैल बसतील असेच मुद्दाम घडवलेले असतात, त्यामुळे प्ले, म्हणजे हा मोकळेपणा, काढायचा तो चाके अगदी सरळ ठेवूनच. टोकाला प्ले काढल्यावर माझे स्टिअरिंग मध्यावर येताच अडकू लागले, वळणानंतर आपोआप सरळ होईना, आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागली. स्क्रू मूळ खुणेवर परत नेला आणि मग मात्र जमिनीपासून वर तपासत जाण्याचे ठरवले.

टायरमधील हवेत डाव्या-उजव्या बाजूला फरक होता, तो काढला. त्यानंतर गाडी जमिनीवर उभी ठेवून एका मित्राला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवायला सांगितले आणि मी खाली आडवा होऊन एकेका जोडावर बोट ठेवत गेलो. चाके जॅकवर उचललेली असताना जो सैलपणा लपून राहतो तो वजनाखाली बोटाला लगेच जाणवतो. स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्रॅग लिंकच्या, एका टोकाचा जोड ढिला निघाला, आणि त्याहून धक्कादायक म्हणजे स्टिअरिंग बॉक्स चासीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी एक सैल होता. चाक हलवले की अख्खा बॉक्सच किंचित डुलत होता. नंतर ॲक्सल उचलून प्रत्येक चाक वरून आणि खालून धरून हलवले. प्ले आढळल्यावर मित्राला ब्रेक दाबायला लावला: ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. डावीकडे बेअरिंगचा होता, तो नीट जुळवला. किंगपिन सुदैवाने घट्ट होते.

एवढे झाल्यावर स्टिअरिंगचा प्ले २५ मिलिमीटरवर आला. गाडी सुधारली, पण सुधारली म्हणजे किती, तर भरकटणे ७० ऐवजी ७५ ला सुरू होऊ लागले.

मग मी कॅस्टरकडे वळलो. किंगपिन बाजूने पाहिल्यास वरच्या टोकाशी मागे झुकलेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात, आणि धावत्या चाकाला सरळ राहण्याची ओढ प्रामुख्याने त्यातूनच मिळते. माझ्या गाडीसाठी तो ५ अंश सांगितलेला होता. मोजण्याची रीत घरी जमण्यासारखी आहे. पुढच्या चाकांखाली मध्ये ग्रीस लावलेले पत्र्यांचे जोड ठेवले, जमीन सपाट असल्याची खात्री केली, चाक एकदा २० अंश बाहेर आणि एकदा २० अंश आत वळवून दोन्ही वेळा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, मोजला, आणि त्या दोन आकड्यांतील फरकाला सुमारे दीडने गुणले. डावीकडे फरक ०.७ अंश आला, उजवीकडे त्याच्या जवळपास. म्हणजे कॅस्टर जेमतेम १ अंश! मी विश्वास न बसून पुन्हा मोजला, तरीही तेवढाच.

चार अंश गेले कुठे, याचे उत्तर कमानी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवलेल्या पाचरीत मिळाले. ती २ अंशांची होती आणि तिचे जाड टोक पुढे होते. कमान ॲक्सलच्या वर असेल तर कॅस्टर वाढवण्यासाठी जाड टोक मागे हवे. मी गाडी घेण्यापूर्वी कधीतरी कमानी उघडल्या गेल्या असाव्यात आणि बसवताना दोन्ही पाचरी उलट्या लागल्या असाव्यात. दोन अंश मिळण्याऐवजी दोन वजा झाले, म्हणून फरक चारांचा. जॅक आणि मजबूत स्टँड लावून एकेका बाजूचे, कमान ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट सैल केले, पाचरी फिरवल्या, बोल्ट तिरकस क्रमाने आवळले. कॅस्टर बदलला की टो-इनही (दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किती जवळ आहेत ते) पुन्हा पाहावा लागतो. गाडी थोडी पुढे ढकलून, हबच्या उंचीवर मोजून तो २ मिलिमीटरवर आणला.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू सर्वांत शेवटी, चाके सरळ ठेवून, अगदी अल्पसा फिरवला.

पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर आधी ५० ला, मग ६५ ला आणि शेवटी ८० ला चालवून पाहिले. वळणानंतर हात सैल सोडताच स्टिअरिंग आपणहून मध्यावर येत होते, आणि ट्रक शेजारून गेला तरी गाडी केवळ हलकेच हलून पुन्हा आपल्या रेषेत आली. उभ्या गाडीचे स्टिअरिंग मात्र आता पूर्वीपेक्षा जड लागते, वाढलेल्या कॅस्टरची ती किंमत मी आनंदाने मोजतो. सुमारे २०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासले. दोन किंचित आवळावे लागले.