‘तो ऐकूनच घेत नाही’ या तक्रारीनंतरचं काम

मंगळवार, रात्र

मॅनेजर अडचणीत आला की त्याच्याबद्दलची वाक्यं ठरलेली असतात. ‘तो ऐकूनच घेत नाही’, ‘टीमला विश्वासात घेत नाही’, ‘अ‍ॅटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे’. मग त्याच्यासाठी कोच, म्हणजे वागणं बदलायला मदत करणारा माणूस, नेमतात. पण या वाक्यांवर कोचिंग उभं राहत नाही, कारण अ‍ॅटिट्यूड कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते वागणं: समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडणं, ठरलेलं वन-ऑन-वन (दोघांचंच बोलणं) ऐन वेळी रद्द करणं, रात्री अकराला मेसेज टाकून सकाळी नऊला उत्तर मागणं. तक्रार या पातळीपर्यंत खाली आणली नाही, तर सहा महिने नुसत्या गप्पा होतात.

सुरुवातीची बैठक मॅनेजर, त्याचा बॉस आणि कोच अशा तिघांची असते, बऱ्याचदा एचआरही असतं. सहा महिन्यांनी काय वेगळं दिसायला हवं, हे तिथं बॉसच्या तोंडून आणि मॅनेजरच्या समोर यायला हवं. कोच आणि मॅनेजर यांच्या सेशनमधलं बाहेर काय जाणार, हेही तिथंच ठरवायचं. हजेरी आणि ठरलेली उद्दिष्टं कंपनीला कळतील, बोलणं कळणार नाही. हे मोघम राहिलं की मॅनेजर कोचशी बॉसशी बोलावं तसं जपून बोलतो आणि कामाचं काहीच हाती लागत नाही.

या बैठकीत बॉसला एक प्रश्न विचारायलाच हवा: हे तुम्ही त्याला आधी स्पष्ट सांगितलंय का? पुष्कळदा सांगितलेलं नसतं. कटू बोलणं टाळायला कोचला पुढं केलेलं असतं. अशा वेळी आधी बॉसनं बोलावं, कोचिंग त्यानंतर. आणि त्याला काढायचं ठरलेलंच असेल, फक्त फाइलवर ‘संधी दिली होती’ अशी नोंद हवी असेल, तर कोचनं ते काम घेऊच नये. तो त्या माणसाचा विश्वासघात आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता फीडबॅक. बॉस, बरोबरीचे सहकारी आणि हाताखालचे लोक, असे आठ-दहा जण निवडून कोच प्रत्येकाशी अर्धा तास बोलतो. बॉस सोडला तर प्रत्येक गटात निदान तीन माणसं हवीत, नाहीतर कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं. ‘तो कसा आहे’ असं विचारलं की शेरे मिळतात. ‘अलीकडे त्याच्यासोबत काम करणं कधी अवघड गेलं, तेव्हा नेमकं काय झालं’ असं विचारलं की प्रसंग मिळतात. त्याआधी मॅनेजरनं त्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःबद्दल लिहून द्यायची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जिथं फरक दिसतो, तिथं खरं काम. आपल्याला आणि इतरांना आपल्याबद्दल काय माहीत आहे, याचा जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेला चार कप्प्यांचा तक्ता म्हणजे जोहरी खिडकी, त्यातला हाच तो कप्पा: इतरांना दिसतो, आपल्याला नाही.

फीडबॅक दिला म्हणजे सुधारणा होणारच, हा समज मात्र चुकीचा आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली. त्यांच्या मांडणीनुसार, माणसाचं लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळतं तेव्हा फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो. म्हणून फीडबॅकचा रिपोर्ट ईमेलनं पाठवून मोकळं होणं हा मोठा निष्काळजीपणा. तो सेशनमध्ये, समोर बसून वाचायचा, आणि त्याच दिवशी कसलाही निर्णय घ्यायचा नाही. पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘हे कोण बोललं ते कळलं मला’ अशी येते. कोचनं वाद घालू नये, समजूतही काढू नये. कोण ते सोडून द्या, असं ज्यात घडू शकलं असतं असे गेल्या महिन्यातले दोन प्रसंग सांगा, एवढंच म्हणावं. ‘मी असा का आहे’ या प्रश्नातून जुन्या बॉसच्या आणि लहानपणाच्या लांबलचक कहाण्या निघतात. ‘त्या वेळी मी काय केलं’ यातून हाताला धरता येईल असं काहीतरी मिळतं.

जबाबदारीचंही तसंच. मॅनेजर म्हणतो, ‘टीम वेळेत काम देत नाही.’ कोच म्हणतो, शेवटचं उशिरा आलेलं एक काम घेऊ. ते कुणाला दिलं? कुठल्या शब्दांत? उत्तर येतं: ‘जरा लवकर बघ म्हणालो होतो.’ तारीख? नव्हती. मध्ये विचारलं? नाही, आदल्या रात्री विचारलं. मग चिडलात? हो. इथं कोचनं थांबावं. निष्कर्ष मॅनेजरलाच काढू द्यावा, कारण कोचनं काढला तर तो आणखी एक आरोप ठरतो. मग ‘काम झालं नाही’ हे वाक्य त्यानं स्वतः पुन्हा सांगायचं: ‘मी तारीख दिली नाही, मध्ये विचारलं नाही.’ बोलायला जड जातं, पण टीमची चूक शिल्लक असली तरी स्वतःचा वाटा आता त्याच्यासमोर असतो.

यानंतर बदलायचं वागणं एकच निवडायचं, फार तर दोन. पाच निवडली की एकही होत नाही. ते जर-तरच्या भाषेत लिहायचं: ‘काम सोपवताना मी तारीख आणि मधला एक टप्पा सांगेन, आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घेईन.’ ‘मीटिंगमध्ये कुणाला तोडावंसं वाटलं, तर आधी वहीत लिहीन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या १९९९ मधल्या मांडणीप्रमाणे, प्रसंग आणि कृती अशी आधीच जोडून ठेवली की नुसत्या निश्चयापेक्षा ती पार पडण्याची शक्यता वाढते.

पुढचा टप्पा बरेच जण गाळतात. मॅनेजरनं हे टीमला सांगायचं: मी या गोष्टीवर काम करतोय, चुकलो तर लगेच सांगा. सांगितलं नाही तर सुधारणा कुणाच्या लक्षातच येत नाही, लोक जुनाच माणूस बघत राहतात. दर दोन आठवड्यांनी सेशन, आणि सुरुवात ठरलेली: ठरवलं होतं ते किती वेळा केलं, कुठं सुटलं. सबबी ऐकून घ्याव्यात, नोंदवू मात्र नयेत. तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्याच लोकांना एकच प्रश्न विचारायचा: या वागण्यात तुम्हाला फरक दिसला का? तोही मॅनेजरनं स्वतः, कोचनं नाही.

काही वेळा अडचण कोचिंगची नसतेच. बजेट करता येत नसेल तर प्रशिक्षण द्यावं, माणूस मनानं खचलेला असेल तर तज्ज्ञाकडे पाठवावं. आणि तिमाही संपत आली, टार्गेट अंगावर आलं की जुनं वागणं परत उसळतं. त्या आठवड्यात सेशन पुढं ढकलायची विनंती हमखास येते. ती मान्य करू नये, हवं तर वीस मिनिटांत आटोपावं. आज चिडून कुणाला काय बोललात, आणि उद्या सकाळी त्याला जाऊन काय सांगणार, एवढं बोलायला तेवढा वेळ पुरतो.