वार्षिक मेळावा, सभा आणि आमचं गोल्फचं मैदान

आमच्या गोल्फ क्लबची स्मरणिका कुणी मागितली तर मी ती जरा नाइलाजानंच देतो. तिच्यात प्रत्येक काम 'सर्वांच्या सहकार्याने' पार पडलेलं आहे. प्रत्यक्षात या मैदानावरची एकही महत्त्वाची गोष्ट भांडल्याशिवाय झालेली नाही, आणि ती भांडणं व्हायची वार्षिक मेळाव्याच्या दिवशी. सकाळी स्पर्धा, मग बक्षिसं आणि शेवटी सर्वसाधारण सभा. बक्षिसं सभेच्या आधी उरकायची, कारण सभेनंतर टाळ्या वाजवायच्या मनःस्थितीत कुणी उरत नसे.

तसं पाहिलं तर गोल्फ क्लब ही संस्थाच वार्षिक स्पर्धेच्या पोटी जन्मली. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा नगर परिषदेनं लीथच्या मैदानावरच्या स्पर्धेसाठी चांदीची काठी बक्षीस ठेवली, आणि त्या स्पर्धेपायी खेळाचे तेरा नियम कागदावर आले. जिंकेल तो कॅप्टन. पहिलाच नियम असा की, आधीच्या होलपासून, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्यापासून, एका काठीच्या अंतरात चेंडू ठेवून पुढचा फटका मारायचा. आज कुणी असं केलं तर होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ राखणारे माळी त्याला गेटबाहेर काढतील.

आमच्या मेळाव्याची सकाळ मात्र भांडणाविना जाई. सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून (एका खळग्यापर्यंतच्या खेळाच्या टप्प्यालाही होलच म्हणतात) सुरुवात करत, म्हणजे परतही एकदमच येत. खेळ स्टेबलफर्ड पद्धतीचा. फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरांनी १९३२ मध्ये वॉलसीच्या क्लबात ती सुरू केली, त्याबद्दल माझ्यासारख्या बेताच्या खेळाडूंनी त्यांचे आभारच मानायला हवेत. हँडिकॅपची, म्हणजे बेताच्या खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांची, सूट धरून पार झाला, म्हणजे त्या होलला ठरवलेल्या फटक्यांतच चेंडू आत गेला, तर दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा त्याहून जास्त झाले की शून्य. चेंडू उचला आणि पुढे चला. एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सात फटके घालवलेला माणूसही हसतमुखानं परत येई. तोवर मुलांची पटिंगची, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याची, स्पर्धा रंगलेली असे. होलचा व्यास १८९१ पासून सव्वाचार इंच ठरलेला, पण मुलांसाठी आम्ही तो बेधडक बादलीएवढा करत असू.

माझ्या आठवणीतलं पहिलं मोठं भांडण 'ब्राऊन'चं. तेव्हा मैदान नऊ होलचं होतं आणि होलभोवती गवताऐवजी तेल मिसळून दाबलेली वाळू असे, तिलाच ब्राऊन म्हणत. पट करण्याआधी चेंडूपासून होलपर्यंतची वाट लाकडी पट्टीनं सारखी करायची. गवताच्या हिरवळी कराव्यात असा ठराव आला आणि जुनी मंडळी खवळली. ब्राऊनवर चेंडू सरळ जातो, पाणी लागत नाही, बुरशी लागत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हिरवळ म्हणजे वर नुसतं गवत अंथरणं नव्हेच. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर खडीचा थर, त्यावर फूटभर वाळूमिश्रित माती आणि मग कुठे बर्म्युडा गवताच्या काड्या लावायच्या. शेवटी तडजोड झाली, एकदम सगळ्या न करता थोड्या थोड्या हिरवळी करायच्या. त्यामुळे काही मेळाव्यांत एकाच फेरीत कुठे गवत तर कुठे वाळू, आणि जो तो आपलं अपयश दुसऱ्या पक्षाच्या पृष्ठभागावर ढकलून मोकळा.

अठरा होलचा ठराव त्याहून गाजला. मांडणाऱ्यानं स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाचा दाखला दिला. त्यावर मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सभासद उठले. ते म्हणाले, "अहो, तिथेसुद्धा आधी बावीस होल खेळायचे. १७६४ मध्ये छोटे होल एकमेकांत जोडले म्हणून अठरा झाले. आणि १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकच्या मैदानावर बारा होलवर झाली, तीन फेऱ्या एका दिवसात. अठरा आकड्यात एवढं काय आहे?" सभागृह हसलं, पण ठराव पडला. पुढे काही वर्षांनी तो मंजूर झाला तेव्हा त्याला अनुमोदन दिलं ते याच गृहस्थांनी. कारण विचारलं तर म्हणाले, "आता माझे गुडघे गेलेत. खेळायचं तुम्हालाच आहे."

स्त्रियांना मतदानाचा हक्क देण्याच्या सभेबद्दल स्मरणिकेत एक ओळ आहे. ती सभा इतकी लांबली की माळ्यांनी दिवे आणून ठेवले. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं २०१४ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेण्याचा कौल दिला, क्लबच्या स्थापनेनंतर तब्बल २६० वर्षांनी. ती बातमी आली तेव्हा आमच्याकडे स्त्री कॅप्टन होऊन गेली होती. या एका बाबतीत आम्ही उगाच छाती फुगवतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

काही गंमत मात्र गेली. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी हँडिकॅप समिती दार बंद करून बसे आणि चिटणीस पेन्सिलीनं आकडे खोडून नवे लिहीत. कुणाचा हँडिकॅप कापला, यावर रात्रभर कुजबुज चाले. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली. आता शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी संगणक काढतो. हिशेब चोख झाला, पण शिव्या घालायला माणूस उरला नाही.

सध्याचं भांडण पाण्याचं आहे. कडेच्या भागात गवत कापायचं आणि पाणी द्यायचं थांबवावं, असा ठराव गेल्या मेळाव्यात आला. तरुण मंडळी बाजूनं, चेंडू हरवणारी मंडळी विरोधात. हात वर झाले, दोनदा मोजले, दोन्ही वेळा समसमान निघाले. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत न देता ठराव पुढच्या वर्षावर ढकलला. दोन्ही गटांनी तेव्हापासून, कधी न येणाऱ्या सभासदांना फोन करायला सुरुवात केली आहे. मला दोन्हीकडून आले.