युकातान गाडीने: आधी अवशेष, मग समुद्र

कॅनकूनला उतरणारी बहुतेक मंडळी समुद्राकाठच्या हॉटेलात मुक्काम ठोकतात आणि एक दिवस टूरच्या बसने चिचेन इत्झा, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या शहराचे अवशेष, उरकून येतात. ती बस तिथे पोचते तेव्हा ऊनही टळटळीत असतं आणि गर्दीही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं असेल तर आमचं सांगणं सरळ आहे: विमानतळावरून थेट आत निघा, मुक्काम अवशेषांच्या जवळच्या गावात करा, सकाळी आठला दार उघडताना हजर राहा, आणि समुद्र शेवटासाठी राखून ठेवा.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. पुण्याहून सासू-सासरे आले होते, दोघंही सत्तरीच्या आसपास, त्यामुळे रोजचा पल्ला बेताचा ठेवला. दिवस जानेवारीचे निवडले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि सुसह्य असते. एप्रिल-मेमध्ये भाजून निघाल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळांची धास्ती. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. फक्त अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, हे बघून घ्या, नाहीतर परतताना पंचाईत व्हायची.

गाडीचं भाडं इंटरनेटवर इतकं कमी दिसतं की डोळे चोळावेत. खरी रक्कम काउंटरवर कळते. मेक्सिकोत थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि अमेरिकेतली तुमची गाडीची पॉलिसी तिथे सहसा चालत नाही. क्रेडिट कार्डाचा विमा बहुधा गाडीच्या नुकसानीपुरता असतो, समोरच्याच्या नुकसानीचं काय हे तो बघत नाही. तेव्हा विम्यासकट एकूण किती होतात हे आधी ईमेलवर लिहून मागा आणि तो कागद छापून न्या. आमच्याकडे तो होता म्हणून काउंटरवरचा अर्धा तास पाच मिनिटांत आटोपला. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टपावरून आणि चाकांजवळून व्हिडिओ काढा.

रस्ते चांगले आहेत, गाडी उजवीकडून चालते, पण गाव आलं की ‘तोपे’ आलाच. तोपे म्हणजे तिथला स्पीडब्रेकर. पाटी कधी असते, कधी नसते, आणि उंची आपल्याकडच्या स्वयंभू स्पीडब्रेकरांना लाजवणारी. रस्त्याकडेला अचानक नारळपाणीवाले आणि संत्री विकणारी पोरं दिसली की ब्रेकवर पाय ठेवा, तोपे तिथेच असतो. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा तो वळणारच असं नाही. बरेचदा ‘रस्ता मोकळा आहे, या पुढे’ असं सांगत असतो. आपल्या हायवेवर ट्रकच्या मागून गाडी हाकलेल्यांना हे समजवावं लागत नाही, तरी खात्री आपली आपण करावी. पेट्रोल कर्मचारीच भरतो. मीटर शून्यावर आहे ना ते बघा आणि त्याला दहा-वीस पेसो टिप द्या. वाटेत नॅशनल गार्डच्या चौक्या लागतात, काच खाली करून ‘बुएनोस दियास’ म्हटलं की बहुतेक वेळा हातानेच पुढे जायला सांगतात. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. त्याला कारण गुन्हेगारीपेक्षा न दिसणारे तोपे आणि बिनदिव्याच्या सायकली.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॅनकून, तुलुम, बाकालार हे किंताना रो राज्यात येतात आणि तिथलं घड्याळ युकातान आणि कांपेचे राज्यांच्या एक तास पुढे असतं. म्हणजे आत जाताना एक तास हाती लागतो आणि किनाऱ्याकडे येताना तो परत द्यावा लागतो.

पहिला मुक्काम वायादोलिदला. तिथून चिचेन इत्झा पाऊण तासावर. तिकिटं दोन, एक केंद्र सरकारचं आणि एक राज्याचं, मिळून माणशी सहाशे पेसोंच्या पुढे. रोख जवळ ठेवा. कुकुल्कान या सर्पदेवाच्या पिरॅमिडला चार बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५. वर चढणं बरीच वर्षं बंद आहे. पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. सासऱ्यांनी ही टाळी इतक्या वेळा वाजवली की शेजारच्या जपानी ग्रुपनेही सुरू केली. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांना पायऱ्यांवर सापासारखी सावली उतरते, पण त्या दिवशी जाण्याचा हट्ट धरू नका, माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसायचं नाही. दहानंतर विक्रेते जग्वारच्या डरकाळीची शिट्टी फुंकू लागतात, की समजावं निघायची वेळ झाली.

दुपार पाण्यात घालवायची. युकातानची जमीन चुनखडीची, पाणी खाली झिरपतं, म्हणून उत्तरेत वर नद्या नाहीत. छत कोसळलेल्या गुहांमध्ये गोडं पाणी असतं, तेच सेनोते. मेरिदाच्या आजूबाजूचे सेनोते तर एका अर्धवर्तुळात आहेत, ६.६ कोटी वर्षांपूर्वी चिक्शुलुबला आदळलेल्या अशनीच्या विवराच्या कडेने. साधारण त्याच काळात आपल्या दख्खनवर लाव्हा वाहत होता, आणि डायनोसॉर कोणी संपवले यावर दोन्ही पक्षांचे शास्त्रज्ञ अजून भांडतात. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यावा लागतो आणि सनस्क्रीन चालत नाही. पायऱ्या ओल्या आणि घसरड्या, म्हणून ज्येष्ठांसाठी रबरी तळव्याच्या चपला हव्यात.

इसामाल मेरिदाच्या वाटेवर आहे, तासाभरात बघून होतं. सगळं गाव पिवळं. मधोमध जुन्या माया चौथऱ्यावर बांधलेला फ्रान्सिस्कन मठ. या मठाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे त्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ साली मानी गावात माया पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत. गंमत म्हणजे, पुढे माया लिपी वाचायला त्याच लांदाच्या टिपणांचा आधार झाला.

मेरिदा मोठं शहर, जेवायला उत्तम, गाडी लावायला तापदायक. शाकाहाऱ्यांनी इथे एक वाक्य पाठ करावं: ‘सिन कार्ने, सिन मांतेका’, मांस नको, डुकराची चरबी नको. काळ्या घेवड्यातही ही चरबी असते, त्यामुळे नुसतं ‘भाजीपाला’ म्हणून भागत नाही. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस मागवा: मक्याच्या पोळीत उकडलेलं अंडं आणि वर भोपळ्याच्या बियांची आमटी. त्याच बिया, भाजलेले टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेलं सिकिल पाक सासूबाईंना जवसाच्या चटणीच्या जवळचं वाटलं. त्यांनी ते तीन वेळा मागवलं.

या सगळ्या फेरीत आम्हांला सर्वांत आवडलं ते उश्माल. मेरिदापासून ८० किलोमीटर. चिचेन इत्झा भव्य आहे, उश्माल देखणं आहे. जादूगाराचा पिरॅमिड कोपऱ्यांना गोलावा असलेला. राजवाड्याच्या भिंतीवर हजारो कापलेले दगड जोडून केलेली जाळी, आणि त्यात चाक या पर्जन्यदेवतेचे मुखवटे. जवळ जाऊन बघा: डोळा एक दगड, भुवई दुसरा, दातांची रांग तिसरा, आणि सोंडेसारखं वळलेलं नाक भिंतीतून बाहेर आलेलं. या पूक टापूत सेनोतेही नाहीत. पावसाचं पाणी जमिनीतल्या हौदांत साठवून ही शहरं जगली, तेव्हा भिंतीभर पावसाच्या देवाला का विनवलं असेल ते उमगतं. तिथून वीस मिनिटांवर काबाह. तिथली एक अख्खी दर्शनी भिंत शेकडो चाकमुखांनी भरली आहे आणि आम्ही होतो तेव्हा बघायला आमच्याखेरीज फक्त घोरपडीएवढे इग्वाना होते.

कांपेचेला तटबंदी आणि संध्याकाळचा समुद्रकाठ बघा. सान मिगेल किल्ल्यातल्या संग्रहालयात कालाकमुलचे जेडचे मुखवटे आहेत, ते चुकवू नका. कारण पुढचा मुक्काम कालाकमुलचा.

तिथे जाणं सोपं नाही. मुख्य हायवे सोडल्यावर जंगलातून ६० किलोमीटर एकच अरुंद रस्ता, दीड तास धरा. पेट्रोलची टाकी एस्कार्सेगाला भरून घ्या. आत खायला काही नाही, मोबाइलला रेंज नाही, प्रवेशाचे पैसे वेगवेगळ्या नाक्यांवर वेगवेगळे आणि रोखीत. सहाव्या-सातव्या शतकात आजच्या ग्वाटेमालातल्या तिकाल या माया राज्याला टक्कर देणारं हे नागवंशीयांचं राज्य. शंभराहून अधिक कोरीव शिळा इथे उभ्या आहेत. ४५ मीटर उंच मोठ्या पिरॅमिडवर आम्हांला चढता आलं. वरून क्षितिजापर्यंत नुसतं जंगल. सासू-सासरे खाली सावलीत बसले आणि डोक्यावर ओरडणाऱ्या हाउलर माकडांना बघत राहिले. तो आवाज पहिल्यांदा ऐकला की वाघच वाटतो.

याच जंगलात वाटेवर एका झाडाच्या खोडावर तिरक्या खाचा दिसल्या. गाईड म्हणाला, चिकोसापोते. म्हणजे आपलं चिकूचं झाड! याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनवत. १९३१ साली कालाकमुल बाहेरच्या जगाला दाखवणारा सायरस लंडेल हा वनस्पतीशास्त्रज्ञही चिकाच्या धंद्यातल्या कंपनीसाठी काम करत होता. घोलवडच्या चिकूचं मूळ घर हे, म्हटल्यावर सासऱ्यांनी खोडावर हात फिरवून पाहिला.

मग बाकालार. समुद्र नव्हे, गोड्या पाण्याचं लांबलचक सरोवर, निळ्याच्या सात छटा वगैरे जाहिरात खरी ठरवणारं. काठावर खडकासारखे दिसणारे गोळे म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांनी रचलेले. त्यांच्यावर पाय देऊ नका. दोन रात्री ठेवा, काही करू नका.

तुलुमबद्दल आमचं मत चांगलं नाही. कड्यावरचं मंदिर आणि खाली हिरवानिळा समुद्र हे दृश्य सुंदरच, पण उद्यान आणि अवशेष यांची तिकिटं वेगळी, चालणं खूप, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दर अंगावर येतात. सकाळी बघून पुढे निघा. एप्रिल ते ऑगस्टमध्ये या बाजूच्या किनाऱ्यांवर सार्गासम नावाचं शेवाळ ढिगाने येतं आणि कुजून वास मारतं, त्या महिन्यांत तर किनाऱ्यावरचं महागडं हॉटेल आगाऊ बुक करूच नका.

शेवटच्या रात्री पुएर्तो मोरेलोसला राहा. छोटं गाव, १९६७ च्या वादळात कललेलं दीपगृह अजून तसंच ठेवलं आहे, समोर प्रवाळाची रांग असल्याने लाटा शांत आणि विमानतळ अर्ध्या तासावर. गाडी परत देण्याआधी पेट्रोल विमानतळाच्या अगदी दारातल्या पंपावर भरू नका, तिथे रांग असते. गावातच टाकी भरा, पावती जपून ठेवा आणि कालाकमुलची पांढरी धूळ धुऊन टाका, नाहीतर स्वच्छतेचे वेगळे पैसे लावतात.